पाळी गेली की नुसती रुसली?

लोणावळ्यातल्या एका हॉटेलच्या लिनन रूममध्ये मी सुपरवायझर आहे. लिनन रूम म्हणजे चादरी, टॉवेल, अभ्रे यांची खोली. डबल बेडच्या चादरीची घडी घालायला दोन बायका लागतात, समोरासमोर. हात गुंतलेले, तोंडं मोकळी. मग किस्से साठणारच! त्यात आम्ही तिघीही चाळिशी ओलांडलेल्या: मी, औंढ्याची चंद्रकला आणि कान्ह्याहून येणारी रोहिणी. त्यामुळे हल्ली आमच्या गप्पांचा विषय ठरलेला. आज आली का? नाही? मग गेली की काय?

* * *

चंद्रकला आमच्यात थोरली, पन्नाशीला टेकलेली. तिची पाळी अधूनमधून गायब व्हायची आणि अंगातून अचानक गरम वाफा यायच्या. डिसेंबरातसुद्धा चेहरा लालबुंद, मान घामानं ओली.

एकदा बाई जागेवर नाही. शोधाशोध झाली. शेवटी शेफनं किचनची कोल्ड रूम उघडली, तर ही आत पनीरच्या क्रेटवर निवांत बसलेली!

"मावशी, इथं काय करताय?" शेफ घाबरलाच.

"लोनावळा थंड हवेचं ठिकाण म्हनत्यात ना? इतकी वर्सं झाली, मला आज घावलं बग!"

* * *

आता माझं ऐका. माझी पाळी दोन महिने चुकली. वय सेहेचाळीस, मुलगी बारावीला. आता गेलीच, असं म्हणून मी खूश. पण मनात शंकेची पाल चुकचुकलीच. नवऱ्याला म्हटलं, "अहो, मेडिकलमधून ते टेस्टचं किट आणा."

हे गेले. दुकानात ओळखीची दोन माणसं उभी. कसली टेस्ट, हे यांच्या तोंडून निघेना. "टेस्टचं किट द्या," एवढंच पुटपुटले आणि पुडी घेऊन पळत घरी आले. मी उघडून बघते तर कोविडचं!

"अहो, हे नाकात घालतात!"

"मग? यात नाही का कळत?"

दुसऱ्या खेपेला बरोबर किट आलं. टेस्ट निगेटिव्ह. तरी डॉक्टर मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, "पाळी सलग वर्षभर आली नाही, तरच गेली म्हणायची. तोवर ती नुसती रुसलेली असते. अधूनमधून बीज तयार होतं, आणि ते काही आधी कळवून येत नाही. मूल नको असेल तर काळजी घ्यावी लागेल."

हे शेजारीच बसले होते. इतके गंभीर झाले की मॅडमनी त्यांनाच आधी पाणी दिलं.

* * *

सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नसतं, हे आम्हाला चंद्रकलामुळेच कळलं. पुढच्या पावसाळ्यात हॉटेल फुल होतं. तिला पाळी आली आणि दोन आठवडे झाले तरी थांबेना. विचारलं की म्हणायची, "जाताना अशीच जाती. माज्या आयचीबी अशीच गेलती."

एक दिवस टॉवेलचा गठ्ठा घेऊन जिना चढताना ती मधल्याच पायरीवर बसली. ओठ पांढरे पडलेले. मी आणि रोहिणीनं तिला धरून रिक्षात घातलं.

मॅडमनी तपासलं, रक्त बघितलं, सोनोग्राफी केली. हिमोग्लोबिन पार खाली गेलं होतं. गर्भाशयात एक छोटी मऊ गाठ निघाली. ती काढली, तपासायला पाठवली. रिपोर्ट येईपर्यंत मी आणि रोहिणी एकेक चादर दोन-दोनदा उलगडून पुन्हा घडी घालत होतो. रिपोर्ट चांगला आला!

मॅडम मात्र तिला रागावल्याच. "पाळी मागंपुढं होणं वेगळं, इतकं रक्त जाणं वेगळं. वयाचं आहे म्हणून अंगावर काढायचं नाही! इतके दिवस का थांबलात?"

"सीजन हुता, मॅडम."

"हॉटेलचा की तुमचा?"

* * *

आता रोहिणी. तिचं लग्नच एकेचाळिसाव्या वर्षी झालं. आम्हाला मूल राहू नये याची चिंता, तर तिला राहावं याची. दर महिन्याला पाळी आली की डोळे पुसायची, उशिरा आली की मोहरायची.

मॅडमनी तिला खोटी आशा दाखवली नाही. "या वयात चान्स कमी असतो. पण शून्य नाही. तपासण्या करू. मात्र दोघांच्या."

तिचा नवरा सुनील सुदुंबऱ्याला कंपनीत मेंटेनन्सला आहे. घरी आल्यावर तो म्हणाला, "माझी कशाला? मी तर ठणठणीत आहे."

रोहिणी म्हणाली, "कंपनीत लाइन बंद पडली की तुम्ही एकच मशीन उघडून बघता का?"

दुसऱ्या दिवशी तो रजा टाकून लॅबमध्ये हजर!

* * *

रोहिणीला दिवस राहिले. आणि दुसऱ्याच महिन्यात गर्भ पडला.

ती कामावर परतली. चंद्रकलानं चादरीची दोन टोकं तिच्या हातात दिली, दोन स्वतः धरली आणि दिवसभर तिच्यासमोर उभी राहिली.

घरी सासूबाईंचं एकच पालुपद, "हॉटेलात वझी उचलली, म्हनून झालं." रोहिणीनं हे सांगितल्यावर मॅडमनी सासूबाईंनाच बोलावून घेतलं. "आजी, चाळिशीत असं जास्त होतं. बहुतेक वेळा बीजातच दोष असतो. हिच्या कामामुळं झालेलं नाही. हिची काहीही चूक नाही."

बाहेर आल्यावर सासूबाई रोहिणीच्या हातातली भाजीची पिशवी ओढायला लागल्या.

"आई, ओझ्यानं काही होत नाही, म्हणाल्या ना मॅडम?"

"त्या म्हनल्या. पर तू आण हिकडं."

* * *

त्यानंतर वर्ष गेलं. रोहिणीची पाळी पुन्हा चुकली. या वेळी तिनं कुणालाच सांगितलं नाही, मलासुद्धा नाही. पहिल्या सोनोग्राफीत ठोके ऐकले, तेव्हा कुठं तोंड उघडलं. मग रक्ताच्या तपासण्या, बीपी, शुगर, सगळं सांभाळत पाचवा महिना लागला.

परवा मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेले होते. बाकावर विशी-पंचविशीच्या पोरी, पोटावर हात ठेवून बसलेल्या. रोहिणीच्या कानांमागचे केस पांढरे, पोट सैल ड्रेसमध्ये लपलेलं. तिला बघून एक पोरगी सरकली.

"मावशी, बसा ना. मुलीला घेऊन आलात का?"

रोहिणी सावकाश टेकली. ओढणी सारखी केली.

"आलेय गं घेऊन. पण मुलगी की मुलगा, ते बाहेर आल्यावरच कळेल!"