ज्याचा हात, त्याची ट्रायल

चौकच्या आमच्या गॅरेजसमोर जीप उभी होती आणि माझ्या दोन्ही बॅगा टपावर बांधून झाल्या होत्या. अम्मी रडून मोकळी झाली होती. शेजारच्या ढाब्यावरची माणसंसुद्धा हातातलं काम टाकून निरोपाला आली होती. फक्त अब्बा एका ट्रकखाली पडून होते. सलीम, माझा नवरा, सारखा घड्याळ बघत होता, कारण पनवेलच्या पुढे कुठे अडकू ते सांगता येत नव्हतं. शेवटी मीच वाकून ट्रकखाली तोंड घातलं नि म्हटलं, "अब्बा, निघते." ते सरपटत बाहेर आले. ओढणी खराब होऊ नये म्हणून ग्रीसचे हात त्यांनी पाठीमागे धरले आणि कोपरानेच माझ्या डोक्याला हलकेच स्पर्श केला. मग म्हणाले, "तिथं गाडीबिडीला हात लावत बसू नको. नवऱ्याच्या घरी शोभत नाय." अमेरिकेला निघालेल्या मुलीला बाप आणखी बरंच काही सांगू शकला असता.

हे वाक्य त्यांना का सुचलं, ते कळायला आमचं गॅरेज माहीत हवं. चौक जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर. तिथून पुढे खोपोली, शिळफाटा आणि मग बोरघाट. घाट चढायच्या आधी ज्या गाड्यांना धाप लागायची त्या आमच्याकडे थांबायच्या. अब्बांचा एक नियम होता आणि तो सगळ्या रस्त्याला ठाऊक होता. इंजिनाचं काम झालं की ट्रायल म्हणून गाडी घाट चढवून आणायची, आणि ज्याचा हात इंजिनाला लागला असेल त्यानेच ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं. काम कच्चं निघालं तर वळणावर तोही ड्रायव्हरसोबत लटकेल, हीच गिऱ्हाइकाची खात्री. ड्रायव्हर मंडळी पावती मागत नसत. "हात कोनाचा?" एवढंच विचारत, आणि ज्याचं नाव सांगितलं जाईल तो उडी मारून वर चढायचा.

माझं नाव कधीच सांगितलं गेलं नाही. हात मात्र माझाच असायचा.

अब्बांची नजर लवकर अधू झाली. टॅपेट सेट करायचे म्हणजे व्हॉल्व्हवरच्या फटीत फिलरची, म्हणजे मापाची पातळ पट्टी सरकवायची आणि ती किती अडते ते बोटांना कळायला हवं. माझ्या बोटांना ते कळायचं. माझ्या धाकट्या भावाला, जावेदला, कळायचं नाही, त्याला बसमध्ये चढून खिडकी पकडण्यापलीकडे कशाचीच घाई नसायची. म्हणून दुपारी जेवणाच्या वेळी शटर अर्धं खाली यायचं, अम्मी दाराशी तांदूळ निवडत बसायची आणि मी आत इंजिनावर वाकायची. कर्जतला कॉलेजात जायला लागले तरी हे चालूच होतं. काम संपलं की मी मागच्या दाराने घरात, आणि शटर वर. ड्रायव्हर विचारायचा, हात कोनाचा? अब्बा म्हणायचे, "आमच्या जावेदचा. जा रं, बस शेजारी." जावेद भजी खातखात केबिनमध्ये चढायचा आणि मी केलेल्या इंजिनावर बसून खंडाळ्यापर्यंत थंड हवा खाऊन यायचा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी लहानपणापासून भावाच्या रूपात पाहिला आहे. मला तो घाट बसमधून माहीत आहे. ट्रायलच्या गाडीतून मी तो एकदाही चढले नाही.

मागे राहिलेल्यांना वाटतं की निघून जाणारा सुटला. मी काही सुटले नव्हते, मला काढलं होतं. सलीमचं स्थळ आलं तेव्हा मी अब्बांना सांगितलं होतं की मला गॅरेज चालवायचं आहे, लग्नाची घाई करू नका. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते हसले. "गॅरेज जावेदचं हाय गं," म्हणाले, जणू मी शेजाऱ्याचं घर मागत होते.

ह्यूस्टनला आले आणि पहिली दोन वर्षं अब्बांचं ऐकलं. मुलं, किचन, ग्रोसरी, मशिदीतले पॉटलक. मग एके दिवशी आमच्या गाडीचं इंजिन मिसफायर करायला लागलं आणि मी पार्किंगमध्येच बॉनेट उघडून उभी राहिले. सलीम म्हणाला, "लोक बघतायत." मी म्हटलं, "बघू देत." त्यानंतर मी कोर्स केला, परीक्षा दिल्या आणि एका वर्कशॉपमध्ये लागले. आज तिथे माझ्या नावाचा बे, म्हणजे गाडी घेऊन काम करायची जागा, आहे, शर्टावर नाव शिवलेलं आहे. पहिल्या दिवशी तो शर्ट घालून मी बाथरूममध्ये रडले होते, आनंदाने नव्हे, संतापाने. परक्या मुलखातल्या माणसाने न मागता दिलं ते बापाने मागूनही दिलं नव्हतं.

तिथेच मला माझी गाडी मिळाली. जुनी, दोन दारांची, लांबलचक नाकाची, आठ सिलिंडरची. इथे तिला मसल कार म्हणतात. बाकीचे लोक अशा गाड्या कव्हर घालून ठेवतात आणि रविवारी फिरवतात. मला तसली हौस परवडणारी नव्हती आणि आवडणारीही. मी ती रोज चालवते. मुलांना शाळेत सोडायचं, फ्रीवेच्या ट्रॅफिकमधून कामावर जायचं, येताना कोथिंबीर आणि हलाल मटण घेऊन यायचं, सगळं तिच्यातूनच. इंजिन दमलं होतं. ते उघडलं तेव्हा जुना कॅमशाफ्ट घासून गेलेला निघाला, आणि नवा निवडायची वेळ आली.

कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या पोटातला उंचवट्यांचा दांडा. व्हॉल्व्ह कधी उघडायचे, किती उघडायचे आणि किती वेळ उघडे ठेवायचे, हे तो ठरवतो. इंजिनाचा स्वभावच म्हणा. आमच्या वर्कशॉपमधला हेक्टर माझ्यापुढे कॅटलॉग उघडून बसला आणि भराभर शेवटच्या पानांवर गेला. तिथे मोठे कॅम होते. व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारे, वरच्या वेगात आग ओकणारे. सिग्नलला उभं असताना इंजिन धडक-धडक करत असं हलतं की शेजारचे वळून बघतात. हेक्टरच्या मते गाडी घ्यायची ती त्या धडक-धडकसाठीच.

मी पानं उलटी चाळत पहिल्या पानांकडे आले आणि अगदी सौम्य कॅमच्या वरचा, म्हणजे खालून दुसरा निवडला. सौम्य, पण मूळच्यापेक्षा जरा तिखट. कारणं सगळी हिशेबातली होती. मोठ्या कॅमने आयडलला, म्हणजे इंजिन चालू ठेवून गाडी उभी असताना, इंजिनातला व्हॅक्यूम, हवेचा शोष, कमी पडतो आणि त्यावर चालणारं ब्रेक पेडल दगडासारखं होतं. मुलं मागे बसलेली असताना मला तसलं पेडल नको होतं. ह्यूस्टनच्या उन्हात एसी लावून तासभर रांगायचं तर इंजिन खालच्या फेऱ्यांवर शांत राहायला हवं. गिअरबॉक्स मूळचाच, मागचा एक्सल मूळचाच, त्यांना पेलेल तेवढंच वारं भरायचं. पण खरं सांगू? पान उलटताना माझ्या कानात अब्बांचं एकच वाक्य होतं. ट्रकवाले सायलेन्सर कापून, आवाज काढून यायचे तेव्हा ते म्हणायचे, "आवाज काय चाटायचाय? वढ बघ, वढ." वढ म्हणजे चढावर गाडी किती जोराने खेचते ते. ज्या माणसाने मला हाकललं, त्याच्याच कानाने मी निवड केली. याचाही मला राग आला.

कॅम मी स्वतः बसवला. उंचवट्यांना खास ग्रीस चोळलं, टायमिंग दोनदा तपासलं. नव्या कॅमला सुरुवातीला आयडलवर सोडायचं नसतं, नाहीतर उंचवटे तिथेच खरवडतात. म्हणून पहिली चावी मारल्यावर मी इंजिन वरच्या फेऱ्यांवर धरून उभी राहिले, कान तिथेच लावून. मग ट्रायल. ह्यूस्टन ताटासारखं सपाट. इथे चढ म्हणजे फ्रीवेचा उड्डाणपूल. मी डिकीत बासमतीची पोती भरली, सलीमला मागे बसवलं, एसी पूर्ण सोडला आणि तोच पूल पुन्हा पुन्हा चढले. सलीम विचारत होता, "इथे घाट कुठाय? हे कशासाठी चाललंय?" बिचाऱ्याला चौकची मुलगी केली याचा अर्थ तेव्हा कळला. गाडी पूल अशी चढली की जणू तिला कोणी वर बोलावलं होतं.

आता जावेदचं सांगते. कर्जत-खालापूरच्या बाजूला फार्महाऊसं उगवली तशी तिथल्या शेठ लोकांच्या हौशी गाड्याही आल्या. जुन्या पेट्रोल जीपा, जुन्या परदेशी गाड्या. त्या जावेदकडे येतात. बोर्डावर त्याचं नाव, शिळफाट्यापर्यंत त्याचा बोलबाला. आणि गॅरेज बंद करायच्या वेळी, म्हणजे माझ्या सकाळी, त्याचा फोन येतो. "आपा, जरा ऐक ना गं," म्हणून तो फोन इंजिनाजवळ धरतो. मी ऐकते, सांगते. हे कित्येक वर्षं चाललं आहे. शटर अजून अर्धंच खाली आहे, फक्त मी आता समुद्रापलीकडच्या मागच्या खोलीत बसते.

अम्मी गेली, त्यानंतर अब्बा थोडे दिवस आमच्याकडे आले. मला एकच हवं होतं. माझं काम त्यांनी बघावं आणि एकदा, फक्त एकदा म्हणावं, हात तुझा. दुसऱ्याच दिवशी मी बॉनेट उघडलं. अब्बांनी लांब स्क्रू ड्रायव्हर मागितला, त्याचं टोक इंजिनाला लावलं, मूठ कानाला. डोळे मिटून बराच वेळ उभे राहिले. एसी लावायला सांगितला, पुन्हा ऐकलं. मग शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "चल, वढ बघू."

मी पूल चढले. अब्बा सीटला टेकले. त्यांचा चेहरा असा सैल झालेला मी गावी कधी पाहिला नव्हता. "वा," म्हणाले.

"जावेदनं सांगितलं असंल तुला, कुठला कॅम घालायचा ते," अब्बा म्हणाले.

मी गाडी कडेला घेतली. "अब्बा, मी निवडला. मी बसवला. जावेद मला विचारतो, मी त्याला नाही." खिशातून फोन काढून त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. तिकडे जावेद शटर ओढत होता. अब्बांनी विचारलं, "जावेद, आपाच्या गाडीचं तूच सांगितलंस ना रं?" जावेदने स्क्रीनवर मला पाहिलं. शटर अर्ध्यावरच सोडलं. मग तो म्हणाला, "हां अब्बा. थोडं थोडं."

अब्बांनी फोन खिशात घातला. "मला म्हायती हाय गं," ते हळूच म्हणाले. "आधीपासून म्हायती हाय. तुझा हात मला नाय वळखू यायचा? पण त्याला तिथं दुकान चालवायचं हाय. तुझं काय अडलंय? तू तर गेलीस."

तू तर गेलीस! ज्यांनी पाठवलं ते म्हणत होते. जावेद अजूनही मला विचारूनच कामं करतो हे त्यांना माहीत नाही, असं समजून मी इतकी वर्षं त्यांना माफ करत आले होते. तेवढा आधारही त्यांनी त्या पुलाच्या कडेला काढून घेतला. मी भांडले नाही. गाडी गिअरमध्ये टाकली आणि घरी आणली, कारण माझी कामावर जायची वेळ झाली होती.

रविवारी सकाळी जावेदचा फोन आला. मी उचलला नाही. तो पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा अब्बाच माझा वाजणारा फोन घेऊन किचनमध्ये आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "उचल गं, गिऱ्हाईक उभं हाय." जावेदने माफीचा शब्द काढला नाही, नेहमीसारखा फोन इंजिनाजवळ धरला. कुठलीतरी जुनी जीप होती. आयडल वरखाली होत होता, कुठूनतरी वारं चोरून आत शिरत होतं. मी गप्प राहायचं ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. पण ते आमचं गॅरेज होतं आणि तिथे एक इंजिन चुकीचं वाजत होतं.

"व्हॅक्यूमची नळी बघ," मी म्हटलं. "कार्ब्युरेटरच्या मागची. चिरली असेल."

इथले लोक मला विचारतात, घर म्हटलं की काय आठवतं? मी काहीतरी बोलून वेळ मारून नेते. खरं उत्तर असं की घराला मी लागते, पण मी तिथे असलेली त्याला चालत नाही. आणि हे नीट कळूनसुद्धा मी त्या दिवशी फोन ठेवला नाही. तिकडचं इंजिन सरळ वाजेपर्यंत कानाला लावूनच उभी होते.