हाक न मारणारा दुकानदार

नत्थुजी तीन दुकानांचा मालक झाला, पण हात त्याचा भाजीवाल्याचाच राहिला. अंगात रेशमी अंगरखा, पायात करकर वाजणारे जोडे, अन् गिऱ्हाईक समोर आलं का बोटं आपसूक पाणी शिंपडल्यासारखी हालायची.

विलायतेले अमेरिकेचा कापूस मिळेना झाला, आपल्या वऱ्हाडी कापसाले भाव चढला, तवा यानं वांग्याची टोपली ठेवली अन् अमरावतीत लुगड्यांचं दुकान टाकलं. घरात पैसा आला का पयले लुगडं येते, हे त्याले बराबर समजलं होतं. दुसरं दुकान परतवाड्यात. दोन्हीकडं माणसं बसवली, अन् आपण छकड्यातून हुकूम देत फिरू लागला. बायको शकुन शेजारणीले सांगे, "आमचे हे आता दुकानदाराइचे दुकानदार झाले बाप्पा."

तिसरं अकोल्याले टाकलं, तवा कोण्या मुंबईच्या व्यापाऱ्यानं कानात भरवलं का साहेबाच्या दुकानात भाव एकच असते, घासाघीस नाही. झालं. नत्थुजीनं अकोल्यात भाव पयलेच तळाचा, सगळ्यात कमी, लावला. एक बोल, एक भाव.

बाया दुकानात याच्या. काठ चोळून पाहाच्या, भाव इचाराच्या, नाक मुरडून चालू लागाच्या. चार पावलांवर हळू व्हाच्या. पदर सावराच्या, पायात नसलेला काटा काढाच्या. नत्थुजी गादीवरून पाहे अन् म्हणे, "गेली." समोरचा कापडवाला दुप्पट भाव सांगून निम्म्यावर आणे, अन् तिथं ही गर्दी.

जागेचा मालक भगवंतराव. तो म्हणाला, "दिवाळीपर्यंत दुकान चाललं नाही, तं जागा समोरच्याले देईन." नत्थुजीची झोप उडाली. शकुनले अकोल्याले आणलं. ती अर्धा दिवस कोपऱ्यात बसली, अन् मंग म्हणे,

"अजी, त्याइले मांगून हाक काहून मारत नाही तुमी?"

"हाका माराचं म्या टोपलीसंगं सोडलं. अन् भाव काही कमी होत नाही."

"भावाचं कोण म्हणते? बाई रुसून निघाली, तिले बलावा तं खरं."

"नाही. आता मी भाजीवाला नाही."

दुसऱ्या दिवशी बाजार होता. ऐन गर्दीत शकुन गिऱ्हाईक होऊन आली.

"कसं दिलं हे हिरवं, दुकानदार?"

नत्थुजीनं भाव सांगितला. बाया पाहाले थांबल्या.

"निम्म्यात द्या."

"एक बोल, बाई."

"वांगे इकत होते, तवा तं मूठभर सांभार-कोथिंबीर फुकट टाकत होते."

नत्थुजीचे कान लाल झाले. "एक बोल."

"मंग चालली मी माहेरी. तिथले दुकानदार हाक मारतात म्हणे."

अन् निघाली. पण ही काही चार पावलांवर हळू झाली नाही. मोर्णा नदीच्या वाटेनं सरळ. नत्थुजी गादीवर चुळबुळ करून राहिला. शकुन माहेरी गेली म्हणजे आणाले तीनदा जा लागे, अन् तीनदा सासऱ्याचं भाषण ऐका लागे. ती वळणाशी पोचली, तसा तो उठला. जोडे राहिले गादीपाशी, कापड मोजाचा गज हातातच.

"ओ बाई, या वो. मांगं या. शकुन, ये वो."

भर बाजारात नवऱ्यानं बायकोचं नाव घेतलं. बाया तोंडाले पदर लावून हासू लागल्या. गळा मात्र त्याचा खणखणीत, तीन गल्ल्यांत वांगे इकलेला.

शकुन न वळता म्हणाली, "भाव?"

"भाव तोच. पण तू ये."

"आता कसं," म्हणाली, अन् त्याच भावात लुगडं घेऊन गेली.

लगेच एक बाई आली, भाव इचारला, नाक मुरडलं, चालू लागली. नत्थुजीनं हाक मारली. ती अशी परतली, जशी तिले लग्नाचंच आवतन आलं. भाव तोच. संध्याकाळी नत्थुजीचा गळा बसला अन् फळ्या रिकाम्या झाल्या.

जागा राहिली. मंग नत्थुजीनं तिन्ही दुकानांवर एकएक हाक मारणारा ठेवला. परतवाड्याचा तं ज्वारीतले पाखरं हाकलणारा गडी. त्यानं हाक दिली का ज्या बाया दुकानात आल्याच नव्हत्या, त्याबी परत याच्या.