अप्पांची मराठी आणि मानेतली शीर

अप्पा घरात तमिळ शब्द खपवून घेत नसत. बाहेर जन्मभर तमिळमध्ये कारकुनी केली, पण उंबऱ्याच्या आत मराठी, तीही पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेली आमची जुनी, पुण्याहून आलेले पाहुणे जिला हसतात ती. लहानपणी मी ‘तण्णी’ मागितलं की तांब्या तसाच धरून ठेवत. "ते या घरी मिळत नाही. पाणी आहे, हवं तर घे."

गेल्या वर्षी त्यांनी स्वतःच तण्णी मागितलं आणि घराला आनंद झाला! अत्या थोरल्या भावाला म्हणाली, "आलास अण्णा माणसांत एकदाचा." सगळे हसले. मीही. मग ताटाला तट्टु, किल्लीला सावी, आणि शेवटी दिसेल त्याला ‘अदु’, म्हणजे ‘ते’. "अदु दे ग." काय ते? बोट नाचवायचे, चिडायचे. आमची निम्मी वाक्यं तशीही तमिळमध्ये संपतात. माणसाचे शब्द गळतायत की तो नुसता तमिळ बोलतोय, हे आम्हा शहाण्यांना कळायचं कसं?

मला तरी कळायला हवं होतं. मी गावोगाव रक्तदाबाची पत्रकं वाटते. मजकूर माझाच: तोंड वाकडं, हात लुळा, जीभ जड, तर धावा. म्हणजे धाडकन पडेल तोच आजारी. गुपचूप झिजणाऱ्यासाठी त्यात एक ओळ नव्हती.

मग तिरुवैयारूला अत्याकडे निघालेले अप्पा भलत्याच बसने जाऊन पापनाशमला उतरले आणि स्टँडवर बसून राहिले. त्यांना डॉक्टरकडे नेलं. त्याने तमिळमध्ये वार विचारला, मुख्यमंत्री विचारला. अप्पांनी सांगितलं. "वय झालं, बदाम द्या," म्हणाला. मी म्हटलं, मराठीत विचारून बघू. "मराठी? इथे?" मराठी राजांचा राजवाडा याच्या दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर, आणि हा विचारतो, इथे?

दुसऱ्या डॉक्टरणीने मलाच पुढे बसवलं. "तुमच्या भाषेत विचार." मी पेन दाखवलं, चष्मा दाखवला, घड्याळ दाखवलं. तिन्हींना एकच उत्तर, ‘अदु’. मग तिने स्टेथोस्कोप अप्पांच्या मानेला लावला आणि बराच वेळ ऐकत राहिली. सोनोग्राफीत डावीकडची, मेंदूला रक्त नेणारी शीर चांगलीच अरुंद निघाली. मेंदूच्या स्कॅनमध्ये पांढरे डाग, दोनतीन बारके मेलेले ठिपके. रक्त कमी पोचतं, कधी शिरेतला कण सुटून पुढे अडकतो. सगळा दोष मानेचाच असं नाही, जुना रक्तदाबही आतल्या बारीक वाहिन्या खातो, असं तिने स्पष्ट सांगितलं. ऑपरेशन करून शीर साफ केली तर पक्षाघाताचा मोठा झटका टळण्याची शक्यता वाढते. "गेलेले शब्द येतील?" "ते वचन मी देणार नाही."

कळताच अत्या आमच्या घरी आली आणि उसळली. "चालता माणूस, जेवता माणूस. त्याचा गळा कापणार?"

"पडेपर्यंत थांबायचं का?"

"तुझ्याच कागदात आहे ना ग, तोंड वाकडं झालं तर धावा? झालंय वाकडं?"

माझं थोबाड फुटलं. ते पत्रक घरच्यांत तिने एकटीनेच नीट वाचलं होतं.

मी अप्पांपुढे बसले आणि मराठीतच, सावकाश, सगळं सांगितलं. काय वाचेल, काय वाचणार नाही, टेबलावरच झटका येऊ शकतो, हेही. त्यांनी मानेवर हात ठेवला. "करू," म्हणाले. अत्या उठून आत गेली, पण इस्पितळात आमच्याआधी हजर होती.

संमतीच्या कागदावर अप्पा देवनागरीत सही करायला लागले. "तमिळ नाहीतर इंग्लिशमध्ये करा, सार," खिडकीतला बाबू खेकसला. मी म्हटलं, वाचता येत नसेल तर गप्प बसा. अप्पा अक्षर काढत होते, थांबत होते. अत्याला देवनागरी येत नाही. ती माझ्या कानाशी आली. "बरोबर लिहितोय का ग?"

एक काना राहिला होता.

"बरोबर आहे," मी म्हटलं आणि कागद आत सरकवला.