दुसरी काळी चकती

माझा मामा बस आगारात वाहतूक नियंत्रक आहे. कोणती गाडी कोणत्या मार्गावर लावायची, एखादा चालक आलाच नाही तर कोणाला घरून बोलवायचं, पूल बंद झाला तर मागच्या गाड्या कुठून वळवायच्या, हे तो एका काचेच्या खोलीत बसून ठरवतो. गाडी चालवणं त्याच्या हातात नाही आणि आगार चालवणं तर मुळीच नाही. "मी मधला," तो म्हणतो. "खालचे मला शिव्या देतात, वरचे मेमो देतात. शिव्या तरी तोंडी असतात."

त्याने बनवलेलं युद्धही असंच मधलं आहे.

ते आमच्या जेवणाच्या टेबलावर खेळलं जातं. आगारातली जुनी वेळापत्रकं पाठकोरी असतात. तीच जोडून मामाने नकाशा काढला आहे: षटकोनी घरं, दोन नद्या, एक डोंगररांग आणि पुष्कळसे रस्ते. देश कुठलाच नाही. एक सेना गुलाबी, एक पांढरी. रंग असे का, तर सोंगट्या माझ्या बाबांनी केल्या आणि बाबा कवळ्या बनवायचे. हिरड्यांची गुलाबी भुकटी आणि दातांची पांढरी, दोन्ही त्यांच्याकडे थोडी थोडी उरायची. बाबा गुलाबी झाले, मामा पांढरा.

"दाजी, तुमची सेना नुसत्या हिरड्या दाखवते," मामा म्हणायचा.

"आणि तुझी दात काढते. हरल्यावरसुद्धा," बाबा म्हणायचे.

पहिल्या खेपेला मामाने त्या खेळात जगातलं सगळं कोंबलं होतं. पाऊस, चिखल, तोफांचा पल्ला, घोड्यांचा चारा, आणि प्रत्येकाचा वेगळा तक्ता. बाबांनी अर्धा रविवार खेळून चष्मा काढून ठेवला. "मेहुण्या, हे युद्ध आहे की आयकराचं विवरणपत्र? एका टेकडीसाठी तीनदा बेरीज करायची? तुझी टेकडी तुलाच लखलाभ."

मामा हिरमुसला. त्या दिवशी चहासुद्धा अर्धा टाकून गेला. पण नंतर आला तेव्हा नियम दोन पानांत बसवून आला. तक्ते गेले. सोंगटीवर दोनच आकडे राहिले, एक ताकदीचा आणि एक चालीचा. बाकीचं सगळं त्याने रस्त्यांवर सोडलं. तुकडीपासून मागे आपल्या कोठारापर्यंत रस्ता मोकळा असेल तर ती तुकडी लढणार, नसेल तर नुसती उभी राहणार. संपला नियम.

"कोणाची गोळी कोणाला लागली ते मला नको," मामा मला समजावत होता. "राजाने युद्ध का पुकारलं तेही नको. कोण कुठल्या रस्त्याने निघालं, कधी पोचेल, आणि पोचल्यावर त्याच्या पोटात काही असेल का, एवढंच हवं. मग बघ, एका पुलासाठी शहाणा माणूस कसा डोकं धरून बसतो."

बाबा खरंच डोकं धरून बसायचे. पुलावर तुकडी ठेवली तर डोंगराची वाट उघडी पडते, डोंगराकडे पाठवली तर पूल जातो. जवळ तुकडी एकच. आई भाजी चिरताना विचारायची, "झालं का तुमचं? मला ताटं मांडायची आहेत." बाबा म्हणायचे, "दोन मिनिटं. माणसं उपाशी आहेत." आई म्हणायची, "घरातलीसुद्धा."

तरीही बाबांची एक तक्रार उरली होती. "खेळ बरा आहे, पण तुझ्याकडून हरण्यात चव नाही. अर्ध्यातच कळतं कोण हरणार. पुढे नुसती मरणाची वाट बघायची."

हे मामाच्या मनाला लागलं असणार. कारण त्या आठवड्यात आगारात काहीतरी मोठा गोंधळ झाला, चालक वेळेवर आले नाहीत, एका मार्गावरच्या गाड्या निघाल्या आणि दुसऱ्यावरच्या तशाच उभ्या राहिल्या, आणि मामा सुट्टीच्या दिवशी हसत आमच्याकडे आला. हातात पत्र्याचा मग होता.

नियम असा. नकाशावरच्या प्रत्येक तुकडीची एक चकती मगात टाकायची. मग हलवायचा आणि न बघता एक चकती काढायची. जिची चकती निघेल ती तुकडी हलणार, मग ती कोणाचीही असो. याशिवाय मगात दोन काळ्या चकत्या. पहिली काळी निघाली तर काही होत नाही. दुसरी निघाली की त्या सेनांचा तो दिवस तिथेच संपला. ज्यांच्या चकत्या मगात राहिल्या त्या जागच्या हलणार नाहीत, तुम्ही कितीही आराखडे आखलेले असोत. मग सगळ्या चकत्या परत मगात आणि नवा दिवस.

चकत्या बाबांनीच केल्या. कवळी जशी जिभेला टोचू नये म्हणून घासतात तशा घासल्या. बोटांना एकीचा दुसरीपासून फरक कळत नसे. काळ्यांसाठी त्यांनी भुकटीत वेगळा रंग मिसळला. रंगामुळे त्या किंचित ठिसूळ झाल्या, असं ते म्हणायचे, पण मला काही कळायचं नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरात आरडाओरडा सुरू झाला. पहिली काळी बाहेर पडली की दोघेही खुर्चीच्या कडेवर यायचे. "निघ गं, निघ माझी राणी," बाबा मगाला म्हणायचे. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "मला कधी मारली नाहीत अशी हाक!" बाबांची तुकडी पुलाच्या तोंडाशी पोचलेली, एक चाल हवी, आणि मगातून दुसरी काळी! मामा टेबलावर थाप मारून नाचायचा. पुढच्या वेळी हेच मामाचं व्हायचं आणि बाबा खिडकीतून शेजाऱ्यांना सांगायचे, "आमच्या मेहुण्यांची गाडी आगारातच आहे हो!"

मी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. सांगितलं तसंच होतंय ना, हे बघण्याचा मला पगार मिळतो. म्हणून मी मामाला विचारलं होतं, "सांगितलेलं होईलच याची खात्री नाही, यात मजा कसली?"

"खात्री नाही म्हणून तर दोन वाटांचा विचार करायचा, एक तुकडी मागे राखून ठेवायची," तो म्हणाला. "सगळं माझ्याच हातात असेल तर मी हमाल झालो. काहीच नसेल तर प्रेक्षक. मधे कुठेतरी खेळ असतो." आणि वर म्हणाला, "हेच आगारात झालं की मला रक्तदाबाची गोळी घ्यावी लागते. इथे ताई चहा देते."

निघताना तो दारातून म्हणायचा, "दाजी, येतो." आणि बाबा, त्या दिवशी कोणीही जिंकलेलं असो, म्हणायचे, "हरून चाललास."

गेल्या वर्षी बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. ऐकू सगळं येतं, समजतं सगळं. डॉक्टर म्हणाले, डावा हात चांगला आहे, त्याला कामाला लावा, मन लागलं तर बाकीचंही थोडंफार परत येईल. व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. त्या डाव्या हातात रबरी चेंडू द्यायच्या, बाबा तो सोडून द्यायचे. चेंडू पलंगाखाली जायचा, बाई वाकून काढायच्या, पुन्हा द्यायच्या, पुन्हा तेच. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांच्या कवळ्या केसाइतक्या फरकाने घासल्या, त्याला चेंडू दाबायला सांगणं मलाही बघवत नव्हतं. आई मागे उभी राहून "दाबा ना हो, दाबा ना" म्हणायची आणि मग गॅसवर काहीतरी आहे असं सांगून निघून जायची. गॅसवर काही नसायचं.

एका सुट्टीच्या दिवशी मामाने कोणाला न विचारता टेबल पलंगाशी ओढलं, नकाशा पसरला, अर्धा राहिलेला डाव मांडला आणि चकत्यांचा मग हलवला.

बाबांनी मान वळवली. चादरीखालून डावा हात आपणहून बाहेर आला आणि मगात गेला.

व्यायामाच्या बाई दारात चप्पल काढत होत्या. त्या तशाच एका पायावर उभ्या राहिल्या. नंतर त्यांनी मामाला बाजूला घेऊन सांगितलं, "हे काय आहे ते मला कळत नाही, पण बंद करू नका. त्यांनी स्वतःहून केलेली ही एवढी एकच गोष्ट आहे."

मग मामा प्रत्येक सुट्टीला येऊ लागला. कधी काम संपवून गणवेशातच यायचा, खिशाला शिट्टी लटकत असायची. बाबांना सोंगटी उचलायला फार वेळ लागायचा. आधी ते नुसतं बोट ठेवून दाखवायचे, ही तुकडी, इथून जाणार. मग तिची चकती निघायची वाट बघायचे. हात टेबलाच्या कडेवर तयार ठेवलेला. आणि दुसरी काळी निघायची. हात खाली पडायचा. पूर्वी अशा वेळी ते खिडकीतून ओरडायचे. आता तोंडातून नुसता एक आवाज यायचा आणि आई रुमालाने ओठ पुसायची.

मामाला हे सोसेना. जिन्यात त्याने मला सांगितलं, "मी एक काळी काढून टाकलीय." शिट्टीच्या खिशावर त्याने हात ठेवला होता. "जिंकवत नाहीये मी त्यांना. फक्त त्यांची चाल हुकू नये. एवढं तर करू शकतो ना मी?"

एकच काळी राहिली म्हणजे दिवस कधीच मधे संपत नव्हता. मगातली शेवटची चकती निघेपर्यंत सगळ्या तुकड्या हलायच्या. बाबांनी ठरवलेलं सगळं व्हायचं. पूल मिळाला, डोंगराची वाट मिळाली. आई खूश होती. मामा मोठ्याने हरत होता, "अरे देवा, गेलं माझं कोठार!" त्याला नाटक कधी जमलं नाही.

बाबांचा हात मात्र हळू होत गेला. ते पाठीमागच्या उशीवर रेलून खेळू लागले. चकती काढायची, सोंगटी ढकलायची, चकती काढायची.

मग एका दुपारी मामाने मग पुढे केला, तर बाबांनी त्यात हात घातला नाही. मगच हातातून घेतला, कानाशी नेला आणि हलवला. डोळे मिटून पुन्हा हलवला. त्या चकत्या त्यांनी स्वतः घासल्या होत्या, आणि काळ्यांचा ठिसूळ आवाज फक्त त्यांनाच कळायचा, हे आमच्या दोघांच्या डोक्यात आलंच नव्हतं. त्यांनी मग नकाशावर उपडा केला. चकत्या नद्यांवर, रस्त्यांवर पसरल्या. एका बोटाने त्यांनी त्या सारून बघितल्या. काळी एकच.

ते मामाकडे बघत राहिले.

मामाने खिशात हात घातला. आधी शिट्टी निघाली. मग चकती. ती त्याने टेबलावर ठेवली. "दाजी," तो म्हणाला, "मी तुमची कीव नाही हो केली. मला बघवत नव्हतं."

बाबांनी चकती उचलली. मला वाटलं मगात टाकतील. त्यांनी मूठ मिटली.

तेव्हापासून ती चकती त्यांच्या मुठीत आहे. चालणारा हात तो एवढाच, आणि तो आता त्या कामाला लागला आहे. जेवताना उघडतात, चकती मांडीवर ठेवतात, चमचा धरतात, जेवण झालं की परत उचलतात. आई हात धुवायला मूठ सोडवते, तेव्हा ते तिच्या बोटांकडे बघत राहतात, आणि ती चकती पुसून परत देते. व्यायामाच्या बाईंनी विचारलं, "खेळ का थांबला?" चेंडू पुन्हा पलंगाखाली जाऊ लागला.

मामा आगारातून रोज आईला फोन करतो. "उघडली का गं मूठ?"

"मी घेऊ शकते रे काढून," आई म्हणाली एकदा. "ते झोपलेले असताना."

"नको ताई. काढून घेतलेली चालत नाही. त्यांनीच टाकायला हवी."

मी म्हटलं, नवीन करू. पुठ्ठ्याची, बटणाची, काळी काहीही. मामाने मान हलवली. "त्यांना ऐकू येईल. आणि या वेळी मी मुद्दाम फसवलं असं होईल." आगारात रस्ता बंद झाला की गाडी दुसरीकडून वळवता येते. इथे त्याला दुसरा रस्ताच सापडत नव्हता, आणि ही वाट त्याने स्वतःच अडवली होती.

तरी तो येतो. काल आला होता. टेबल पलंगाशी ओढलं, डाव मांडला. पूल बाबांकडेच होता. मामाने तिथे आपली एक तुकडी अशी ठेवली होती की पूर्वीचे बाबा उठून बसले असते. मग चकत्या मगात टाकल्या आणि मग बाबांच्या कानाशी हळूच हलवला.

"एक कमी आहे, दाजी," तो म्हणाला.

बाबांनी ऐकलं. मूठ चादरीवर होती, बोटांची पेरं पांढरी झाली होती. नजर पुलावर गेली, थोडा वेळ तिथे राहिली, मग भिंतीकडे वळली.

मामाने तो मग त्यांच्या डाव्या बाजूला, हात पोचेल असा ठेवला. चहा झाला. आईने डब्यात काहीतरी बांधून दिलं. दारात बूट घालून तो म्हणाला, "दाजी, येतो."

आणि उत्तर यायला पूर्वी जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ तो उंबऱ्यात उभा राहिला. मग जिना उतरू लागला.