आतोबांनी परत पाठवलेलं गिऱ्हाईक

कोणीतरी आपल्याकडे तक्रार घेऊन यावं म्हणून झुरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे आतोबा, माझ्या आत्याचे यजमान. कोपरगावात त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत मी तिथल्या शाळेत मास्तर होतो आणि आत्याकडेच राहत होतो, त्यामुळे त्यांची तगमग मला रोजच पाहायला मिळे. खुर्चीला ते कधी पुरते टेकत नसत. रस्त्याने आपलं गिऱ्हाईक जाताना दिसलं की अनवाणी धावत, "का हो, नाक दुखतं का? कान कापतो का?" तो बिचारा नाही म्हणाला की यांचा चेहरा पडे. एका लग्नात नवरदेवाचा चष्मा घसरतोय हे यांच्या लक्षात आलं, तेव्हा दोन मंगलाष्टकांच्या मधे अंतरपाटाशी जाऊन हे त्याचा स्क्रू पिळून आले. भटजी हसले, पण आत्या आठवडाभर बोलली नाही. एक बागाइतदार म्हणाला, "तुमचा चष्मा लावल्यापासून ऊस लई बुटका दिसतो." आतोबा तीन मैल चालत मळ्यात गेले, त्याचा ऊस खालवर पाहिला आणि म्हणाले, "नंबर बरोबर आहे. ऊसच बुटका आहे. खत घाला."

मात्र गिऱ्हाइकाला दुसऱ्याकडे पाठवणं त्यांना ठाऊक नव्हतं. "आपली तक्रार आपणच निस्तरायची," असं ते अभिमानाने सांगत.

जवळच्या खेड्यातला एक शिंपी चार महिन्यांत तीनदा आला. दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं, कपाळ ठणकतं, अशी त्याची तक्रार होती. आतोबांनी तिन्ही वेळा हौसेने काच बदलून दिली. चौथ्या खेपेला तो दारातच अडखळला. "बाजूचं काईच दिसंना, मालक." आतोबांनी त्याच्या डाव्या बाजूने हळूच हात पुढे आणला. शिंप्याने पापणीही हलवली नाही. आतोबा दारापर्यंत गेले, परतले, पुन्हा गेले.

"चष्म्यात काही नाही, शिंपीबुवा. हे माझं काम नव्हे. नगरला डॉक्टरांना दाखवा."

शिंपी भडकला. "चार खेपा घातल्या, आन् आता माज्याच डोळ्यावर ढकलता व्हय?"

रस्त्यावर माणसं जमली. आतोबांनी दुकानाला कुलूप घातलं आणि त्याला घेऊन दुपारच्या गाडीने नगर गाठलं. मीही बरोबर होतो. मिशनच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "डोळ्यात दाब वाढलाय. डावा गेला, उजवा शस्त्रक्रियेने वाचेल. इतके दिवस काय करत होता?"

आतोबा म्हणाले, "तो काही करत नव्हता. मी काचा बदलत होतो."

उजवा डोळा वाचला. त्यानंतर आतोबा नंबर काढण्याआधी प्रत्येकाला शंभर प्रश्न विचारू लागले आणि जराशी शंका आली की नगरला धाडू लागले. लोक वैतागले, निम्मी गिऱ्हाइकं मनमाडला जाऊ लागली. शिंपी मात्र दर बाजारच्या दिवशी दुकानात येऊन बसे. झाल्या गोष्टीबद्दल तो चकार शब्द काढत नसे. तो आला की आतोबा उठत, आपली खुर्ची त्याच्या उजव्या हाताला ओढून घेत, आणि तो जाईपर्यंत तिथून हलत नसत.