तिच्या मागची जागा

आल्प्समधून आलेल्या त्या फोटोत माझी मुलगी हसत होती, आणि तिचे दोन्ही हुक मोकळे होते. दुसऱ्या कुठल्याही बापाला आधी हसू दिसलं असतं. मला हुक दिसले.

मी इकडे आखातात, हमरिया फ्री झोनमधल्या एका यार्डात सेफ्टी ऑफिसर आहे. समुद्रात उभे करायचे लोखंडी मनोरे आमच्याकडे जोडले जातात. उंचावर चढणाऱ्या प्रत्येक माणसाच्या कमरेच्या पट्ट्याला दोन दोर, दोन दोरांना दोन हुक, आणि त्यातला एक कायम कशात तरी अडकलेला, हे बघणं माझं काम. रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी रांगेत उभ्या असलेल्या माणसांना मी घसा फोडून सांगतो, "पहले एक लगाओ, फिर दूसरा निकालो." दोन्ही हुक मोकळे दिसले की माणूस खाली. खलास. कारण ऐकून घ्यायचं नाही, कारण प्रत्येकाकडे एक तरी कारण असतंच.

फोटो माझ्या मित्रानं पाठवला होता. पुण्यात कॉलेजात असताना आम्ही दोघं मिळून कातळकडे चढलो होतो. पुढे दोघंही इकडे आलो. तो अबुधाबीला, अल रीम आयलंडवर, खिडकीतून समुद्र दिसतो अशा घरात राहतो. मी रोल्लाला, जुन्या दाट वस्तीत राहतो, माझ्या खिडकीतून समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे दिसतात. याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं, निदान मी तसं समजत होतो. तो दर उन्हाळ्यात आल्प्सला जातो. त्याची लेक आणि माझी लेक मैत्रिणी, म्हणून गेल्या वर्षी त्यानं माझ्या लेकीलाही नेलं. मलाही बोलावलं होतं. यार्डात शटडाउन, म्हणजे वर्षाच्या दुरुस्तीचं काम होतं, रजा मिळाली नाही.

तिकडे डोंगराच्या धारेवर लोखंडी वाटा केलेल्या आहेत. खडकात खुंट्या ठोकून पोलादी तार ओढलेली असते, अवघड जागी पायऱ्यांसाठी लोखंडी कड्या असतात. आपण तारेत हुक अडकवायचे आणि धारेवरून चालायचं, दोन्ही बाजूंना दरी. खुंटी आली की एक हुक पलीकडे लावायचा, मग दुसरा. माझं रोजचंच काम, फक्त माझ्याकडे दरी नाही आणि हौस नाही.

परत आल्यावर पोरीच्या तोंडी एकच जप. "काका सेज, डोन्ट पुल विथ युअर आर्म्स." "काका सेज, लुक ॲट युअर फीट." जेवताना काका, झोपायला जाताना काका. पाय बघून टाक हे तिला पहिल्यांदा मी शिकवलं होतं. ती आठ वर्षांची असल्यापासून मी तिला सुट्टीच्या दिवशी हत्ताकडच्या वादींमध्ये, म्हणजे डोंगरातल्या कोरड्या ओढ्यांमध्ये, खडकांवर चढायला न्यायचो. ती पुढे, मी मागे. पाय सटकला तर धरायला मागे माणूस हवा. "चढ तू, मागे मी आहे," हे माझं ठरलेलं वाक्य होतं. दहावीनंतर तिचे क्लास सुरू झाले आणि आमचं जाणं बंद पडलं.

आल्प्सच्या एकूण एक फोटोत तिच्या मागे एक नारिंगी हेल्मेट होतं. तो. माझा जळफळाट झाला, त्याला दुसरा शब्द नाही. मी ते फोटो पुन्हा पुन्हा बघत होतो, आणि मोकळे हुक सापडले तेव्हा मला भीती वाटायला हवी होती. मला आनंद झाला. सापडला साला, असं मनात आलं.

लगेच फोन लावला आणि यार्डात ओरडतो तसा ओरडलो.

"दोन्ही हुक मोकळे! माझी पोरगी काय हवेत लटकत होती? कोणाच्या भरवशावर उभी केलीस तिला?"

"अरे, ऐक तर आधी..."

"काही ऐकायचं नाहीये. तुझ्या पोरीला ने कुठे न्यायचं ते. माझ्या पोरीला पुन्हा नाही."

पोरगी दारात उभी राहून ऐकत होती. "बाबा, लिसन, ॲक्च्युअली..." असं काहीतरी म्हणाली. मी तिलाही हात दाखवला.

त्या दिवाळीला तो फराळाला आला नाही. इकडे आल्यापासून एकही दिवाळी चुकली नव्हती. बायकोनं चकलीचा त्याचा डबा भरून ठेवला होता, तो शेवटी मीच यार्डात नेऊन वाटला. यार्डातले लोक खूश झाले. मला एकही चकली खाववली नाही, पण फोन मी केला नाही.

जानेवारीत त्याचा पोरीला निरोप आला, या उन्हाळ्यात येतेस का. मी नाही म्हणालो. ती चिडली नाही. म्हणाली, "बाबा, रास अल खैमाच्या माउंटन्समध्ये सेम रूट आहे, छोटा. कम विथ मी, वन डे. देन से नो."

मी लगेच हो म्हणालो. तिचं ऐकून घ्यावं वगैरे काही मनात नव्हतं. एक दिवस ती त्याच्याबरोबर नाही, माझ्याबरोबर चढेल, एवढंच होतं.

मी गाडीच्या डिकीत यार्डातला माझा पट्टा घेतला होता. दोन दोर, दोन हुक, गेल्याच महिन्यात तपासलेला. तिथला नेपाळी गाइड तो हातात घेऊन हसला. "सर, ये कंपनी के काम का है. यहाँ नहीं चलेगा." त्यानं तिथला पट्टा दिला. मी सवयीनं शिवण तपासली, बकल तपासलं, हुक मोजले. तीन भरले. दोन लांब दोरांचे, आणि मधे एक वीतभर दोर, त्याला तिसरा.

"ये क्या है?"

"रेस्ट के लिए, सर. पीछे से फास्ट ग्रुप आया तो शॉर्टवाला खूँटी में लगाने का, लंबावाला दोनों निकालने का. उनको पास देने का."

मी पोरीकडे बघितलं. ती हातमोजे चढवण्यात गुंतली होती, म्हणजे तसं दाखवत होती. हातमोजे घालायला एवढा वेळ लागत नाही.

"तेव्हाच का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"आय ट्राइड. कारण ऐकायचं नाही, इट्स युअर रूल."

वर निघताना मी म्हणालो, "चल, तू पुढे." ती हलली नाही. "नो, बाबा. फर्स्ट टाइमर पुढे. दॅट्स हाउ इट वर्क्स." मी गाइडकडे बघितलं, त्यानंही मान डोलावली. वीस वर्षं उंचावरच्या माणसांवर देखरेख करतोय, आणि इथे फर्स्ट टाइमर.

पहिल्या अर्ध्या तासात मला धाप लागली. खाली वळणावळणाचा रस्ता आणि त्यावर काडेपेटीएवढी आमची गाडी. प्रत्येक खुंटीला मी हुक दोन-दोनदा ओढून बघत होतो. धारेच्या मध्यावर मागून चार-पाच तरुण पोरं आली. एक अरब पोरगा हसून म्हणाला, "यल्ला, अंकल!" म्हणजे चला, वाट द्या.

मी आखूड हुक खुंटीत अडकवला. एक लांब हुक काढला. दुसऱ्यावर हात ठेवला आणि बोटं उघडेनात. मनात सगळं कळत होतं, गाइडनं सांगितलं होतं, पण हात ऐकेना. ज्यांना मी आजवर खाली उतरवलं, ती सगळी माणसं जणू मागे उभी राहून बघत होती. पोरं थांबली होती.

मग तिचा हात माझ्या कुशीपाशी आला. तिनं आखूड दोर एकदा ओढून बघितला, माझ्या बोटांवर आपली बोटं ठेवून तो शेवटचा हुक उघडला आणि काढला. "मागे मी आहे," ती म्हणाली. मराठीत, आणि अगदी माझ्या आवाजात.

पोरं एकेक करून पुढे गेली. मी खडकाला चिकटून, दोन्ही हुक मोकळे, वीतभर दोरावर उभा होतो. पडलो नाही. कॅमेऱ्याचा आवाज झाला तेव्हा मी, मला नंतर दिसलं, हसत होतो.

उतरल्यावर तिनं गाडी चालवायला घेतली. मी फोनवर तो जुना फोटो काढला आणि मोठा करून बघितला. तिच्या कोपरामागे आखूड लाल दोर होता. बोटभर दिसत होता, पण दिसत होता. मी तो फोटो शंभरदा बघितला असेल. तो दोर मला बघायचाच नव्हता.

"माझा फोटो काकाला पाठव," मी म्हणालो.

"ऑलरेडी सेंट."

पाच मिनिटांत त्याचा फोन आला. तिनं स्पीकरवर टाकला. पलीकडून तोच जुना आवाज. "दोन्ही हुक मोकळे. साहेब, कोणाच्या भरवशावर?"

"पोरीच्या," मी म्हणालो. "चुकलं माझं. दिवाळीचा डबा मी वाटून टाकला."

"ठीक आहे रे. या वर्षी दोन डबे घेईन. जूनमध्ये येतोयस?"

"रजा मिळाली तर. इन्शाल्ला." एवढं बोलून थांबायला हवं होतं. थांबलो नाही. "पण एक सांगून ठेवतो. तिच्या मागे मी चालणार."

"अरे वा! तुला आज एका दिवसात सगळं आलं? तिच्या मागे मीच राहणार."

"बाप कोण आहे?"

"अनुभव कोणाला आहे?"

"स्टॉप इट, बोथ ऑफ यू," पोरगी रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. "तुम्ही दोघं पुढे चालणार. आय विल बी बिहाइंड."

पलीकडे तो एकदम रस्त्यावर गर्दी किती आहे ते विचारायला लागला. त्याला कुठे लागलं हे मला अचूक कळलं. माझी जागा गेली होती. त्याचीही गेली होती. मला, खरं सांगतो, फार बरं वाटलं.