अकरा बाद मतं

मतं एका दिवसात मोजून होतात, पण त्या मोजणीचे किस्से मात्र मोजून संपत नाहीत. आम्ही बायका दुपारी वाती वळायला बसलो की कुणीतरी म्हणतंच, "वैनी, त्या इलेक्शनचं सांगा की!" मग मी एक सांगते, त्याला दुसरी आपला एक जोडते, आणि वातींपेक्षा किस्सेच जास्त वळून होतात! सगळ्या हसतात. मीही हसते. पहिली दोन-तीन वर्षं मला हसता येत नव्हतं, एवढंच.

माझं माहेर माधवनगरचं, वडील मिलमध्ये होते. लग्न होऊन कोरेगावच्या पुढच्या या गावात आले. आमचे हे तेव्हा सरपंच. गाव त्यांना आण्णा म्हणायचं. दुष्काळाचं वर्ष होतं आणि गावात पाण्याचा टँकर यायचा. खालच्या आळीतल्या लोकांना गावच्या आडावर पाणी भरू देत नसत. हे सांगताना आजही मान खाली जाते. तर यांनी ठरवलं, टँकर आधी खालच्या आळीत थांबेल, मग वर येईल. झालं! महिन्याभरात यांच्यावर अविश्वासाचा ठराव आला.

*

पंचायतीचे मेंबर नऊ. ठराव पास व्हायला सहा हात पाहिजेत. तहसीलदारसाहेब स्वतः मोजायला बसलेले.

पाच हात झटकन वर गेले. सहावा हात बापूंचा. बापू म्हणजे यांचे लहानपणापासूनचे मित्र, एका पाटीवर अक्षरं गिरवलेले. त्यांचा हात उठला आणि कानापाशी येऊन अडकला.

साहेब म्हणाले, "अहो, हात वर करताय की कान खाजवताय?"

बापू रडवेले झाले. "साहेब, आण्णा माझ्याकडं बघत्यात. हात वर जाईना!"

यांनी खुर्ची वळवली, तोंड खिडकीकडे केलं आणि म्हणाले, "घे. बघत नाही. कर वर."

आणि बापूंचा हात वर गेला!

*

हे घरी आले ते सरपंचकी गेल्याचं सांगायला नाही, मेंबरकीचाही राजीनामा दिला हे सांगायला. मी म्हटलं, "अहो, मेंबरकी तरी ठेवायची होती!"

"मला वॉर्डानं पाठवलं होतं. परत बोलवायचं तर वॉर्डानं बोलवावं. सहा हातांनी नाही. मी पुन्हा उभा राहतो, ठेवायचं की घालवायचं ते लोक ठरवतील." आणि वर मलाच म्हणतात, "अर्धी भाकरी खाऊन उपास होत नाही, हे तुला तरी कळायला हवं!"

माझे उपास गावाला माहीत होते. सोमवार, गुरुवार, एकादशी, चतुर्थी! सासूबाई म्हणायच्या, हिच्या पायी घरात धान्य उरतं.

पोटनिवडणूक लागली. बाकीच्या मेंबरांनी यांच्यासमोर कुणाला उभं करावं? बापूंना! त्यासाठी त्यांना स्वतःच्या वॉर्डाची मेंबरकी सोडायला लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापू दारात. हातात उमेदवारीचा कोरा फॉर्म. "आण्णा, ह्यो लय किचकट हाय रं. एवढा भरून दे."

मला वाटलं, आता हे काठी काढतात. यांनी चष्मा काढला, पुसला, लावला आणि फॉर्म भरायला घेतला!

"वय? सत्तेचाळीस लिहितो."

"पंचेचाळीस लिव की."

"एका वर्षीचे आपण. तू पंचेचाळीसचा तर मी काय तुझा काका?"

मी बिनदुधाचा चहा दिला. दूध कुणाकडेच नव्हतं. बापू उंबऱ्यापर्यंत गेले आणि मागं वळून म्हणाले, "आण्णा, अर्ज बाद व्हणार न्हाई न्हवं?"

"मी भरलाय बापू. बाद कसा होईल!"

*

चिन्हं मिळाली. आम्हाला कंदील आणि बापूंना छत्री.

आता बघा, दोन वर्षं पावसाचा पत्ता नाही, जनावरं छावणीत, आणि गावभर भिंतींवर छत्र्या! त्यांची माणसं ओरडत फिरायची, "छत्री आणा, पाऊस आणा!"

आमच्या बाजूनं प्रचाराला एकच खंदा माणूस, हवालदार तात्या. फौजेतून रिटायर झालेले. उत्साहात आले की हिंदीत बोलायचे. म्हणाले, "आण्णा, दुश्मन के पास छत्री है। मौसम उसके साथ है!"

हे म्हणाले, "मौसम राहू दे तात्या, आधी एक ढग दाखवा."

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी समोरच्या घरातले एक म्हातारे आले. हात जोडून यांना म्हणाले, "आण्णा, माणूस तुमीच चांगलं. पर ह्या बारीला छत्रीला देतो. पाऊस पडला तर पडला!"

यांनी उलट हात जोडले. मलाही राग आला नाही. त्याच पावसासाठी मी महादेवाच्या पिंडीवर रोज एक फुलपात्रभर पाणी घालत होते. तेही आमच्या पिण्यातलं.

*

सोळा सोमवार मी एकटी करत नव्हते. बापूंची शालन माझ्या जोडीला होती. आदल्या श्रावणात आम्ही दोघींनी एकाच दिवशी पाऊस मागून व्रत धरलं होतं. बापूंचा अर्ज गेल्यावर येणाऱ्या सोमवारी शालन देवळात येईल असं मला वाटलं नव्हतं. ती आली. शेजारी बसली. दोघींनी बेल वाहिला. कोण कुणाकडे बघेना.

गुरवांनी आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आज संकल्प मनातल्या मनात सोडा बायांनो. मोठ्यानं सोडलासा तर देवाची पंचाईत!"

शालन फिसकन हसली. मग मीही हसले. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "वैनी, ह्यांस्नी उभं ऱ्हायचं नव्हतं वो. समद्यांनी रेटलं." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या मनात तर तिच्या नवऱ्यानं हरावं हेच मागणं होतं, मग दुसरं काय करणार?

*

मतदान रविवारी. गावच्या शाळेत.

आमच्या आळीतल्या म्हाताऱ्या बायका शिक्क्याला फार भ्यायच्या. हात कापतो, शिक्का भलतीकडे पडतो. मी म्हटलं, देवाचं नाव घेऊन गेल्या म्हणजे धीर येईल. सकाळीच आळीतल्या बायकांना आमच्या ओट्यावर बोलावलं, हळदकुंकू केलं, आणि महादेवापुढचं चिमूटभर कुंकू प्रत्येकीला पुडीत बांधून दिलं.

"आत गेलात की कंदिलाला मनातल्या मनात कुंकू लावा. नमस्कार करा. मग शिक्का मारा. हात कापणार नाही."

एकेक जण मत देऊन येई आणि मला लांबूनच हात जोडी. "वैनी, दिवा पुजून आले बघा!" मला काय आनंद झाला होता! संध्याकाळी यांना म्हटलं, "आपल्या आळीतली बायकांची मतं कुठं जात नाहीत."

ती कुठं गेली नाहीत हे खरंच होतं!

*

मोजणी सोमवारी, त्याच शाळेत. आमचा चौदावा सोमवार. बायकांना आत काही काम नव्हतं. शाळेसमोरच महादेवाचं देऊळ, तिथे आम्ही बसलो. मी आणि शालन एका खांबाला टेकून.

हवालदार तात्या शाळेच्या फाटकावर उभे. आतला आकडा कळला की ताड ताड चालत देवळाशी यायचे, टाचा जुळवायचे आणि सांगायचे.

"पहला गठ्ठा! कंदील आठ से आगे!"

मी पिंडीकडे बघून हात जोडले. शालननं गळ्यातली पोत सारखी केली.

"दूसरा गठ्ठा! छत्री तीन से आगे!"

शालननं डोळे मिटले. तिला आनंद झाला की भीती वाटली, मला सांगता येणार नाही.

"तीसरा गठ्ठा! बराबर!"

तेव्हा शालननं माझा हात धरला. "वैनी, कोण बी येऊ दे. उपास आपण संगंच सोडायचा."

मग तात्या शाळेत आत गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. आले ते सावकाश. टाचा जुळवल्या नाहीत. आणि मराठीत बोलले. तिथंच मी ओळखलं.

"वैनी, चार मतांनी गेलं."

शालननं माझा हात आणखी घट्ट धरला.

"आन् अकरा बाद झाली. समदी आपलीच. कंदिलावर कुकू लावलंय."

*

आत काय झालं ते तात्यांनी मागून सांगितलं.

मोजणीच्या साहेबांनी अकरा मतपत्रिका टेबलावर ओळीनं मांडल्या. प्रत्येक कंदिलावर तांबडं बोट. काहींवर शिक्काही होता, काहींवर नुसतंच कुंकू. साहेब म्हणाले, "शिक्क्याशिवाय दुसरी खूण. बाद."

तर कोण ओरडलं? बापू! "साहेब, ही आण्णाचीच मतं! आंधळ्याला बी दिसंल. धरा ती!"

साहेब चकित. "अहो, तुम्ही जिंकताय. तुम्ही का ओरडताय?"

हे म्हणाले, "बापू, नियम म्हणजे नियम. बाद ती बाद."

"तू गप रं! तुझंच भांडतोय न्हवं मी!"

"माझं मला भांडता येतं!"

"मग भांड की!"

"नाही भांडत!"

दोघांचं असं जुंपलं की साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "इतक्या मोजण्या केल्या, पण असं भांडण नाही बघितलं!"

शेवटी यांनी सही केली. मग बापूंनी केली. तात्या म्हणाले, बापूंच्या सहीवर पाण्याचा थेंब पडला आणि शाई फुटली.

*

हे घरी आले. मी दारातच सांगून टाकलं, "कुंकू मी दिलं होतं. हे माझ्यामुळं झालं."

त्यांनी ओल्या फडक्यानं पाय पुसले. पाय धुवायला पाणी नव्हतं. मग म्हणाले, "देवाला कुंकू लागतं, सरकारला शिक्का. तू दोघांची गाठ घालायला गेलीस!"

एवढं बोलून हसले. आणि जरा वेळानं, कुणालाच उद्देशून नव्हे, म्हणाले, "उद्या टँकर कुठं थांबेल?"

दिवेलागणीला शालन आली. ताटलीत चुरमा. जिंकलेल्या घरचा चुरमा, पण त्यात तूप नव्हतं. दुष्काळ दोन्ही घरी सारखाच. दोघींनी एकाच ताटलीत उपास सोडला.

सकाळी टँकर चावडीपाशी थांबला. खालच्या आळीतल्या बायका घागरी घेऊन लांब उभ्या राहिल्या आणि तळाचा गाळ उरल्यावर पुढे आल्या. हे खिडकीत उभे होते. खिडकी लावून घ्यावी, असं मला फार वाटलं. पण यांनी लावू दिली नाही.

*

मग आठवडाभर आळीतल्या बायका माफी मागायला येत राहिल्या. "वैनी, ते बाद झालेलं मत माझंच गं!" एकीनं तर कान धरून उठाबशा काढल्या, सत्तरीच्या वयात! मी पाणी द्यायची नाही, गुळाचा खडा द्यायची. शुक्रवारी मोजलं. बाद मतं अकरा, आणि कबूल करून गेलेल्या सतरा!

*

सगळ्यांत शेवटी इंदू आली.

इंदू आमच्या शेजारची. ती तेवीस वर्षांची असताना तिचा नवरा एकाहत्तरच्या लढाईत गेला. ती आली तेव्हा मी फळीवरचे देव पुसत होते. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. तिचा चेहरा फुललेला, कधी नव्हे तो.

मी म्हटलं, "तूही माफी मागायला आलीस का गं? ये, आत ये."

"न्हाई वैनी, मी माफी मागाया न्हाई आले. सांगाया आले. माझं मत धरलं त्यांनी!"

"कशावरून?"

"नुसता शिक्का मारला मी कंदिलाला. दुसरं काय बी न्हाई." आणि मला बरं वाटावं म्हणून, अगदी आनंदानं म्हणाली, "तुमी त्या दिशी समद्यांस्नी कुकवाला बोलीवलं, मला न्हवतं बोलीवलं. म्हणून तेवढं वाचलं बघा!"